उभ्या विळ्याची धार: काय विकत घ्यायचं, काय गावात बनवून घ्यायचं आणि ग्राइंडर का नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. उदगीरकडच्या एका दूध उत्पादकाकडे देवणी गाई आणि म्हशी मिळून आठ-दहा जनावरं आहेत, वीस गुंठे लसूणघास आहे. घास कापायला त्यांनी लांब दांड्याचा, उभ्यानं दोन्ही हातांनी फिरवायचा विळा मागवला, ज्याला सायथ म्हणतात तो. पातं ऑस्ट्रियाचं, ६५ सेंटिमीटर लांब, अंगावर हातोडीच्या बारीक खुणा. रोज एखादा गुंठा घास आणि थोडा बांध असं काम. पहिले आठ-दहा दिवस उत्तम चाललं, मग पातं घास वाकवून वरून घसरायला लागलं. घरातला कार्बोरंडमचा चौकोनी दगड रोज मारतात, फरक पडत नाही. लोहार म्हणतो भट्टीत घालून शेवटून देतो, म्हणजे तापवून, ठोकून नवं तोंड काढून देतो, मित्र म्हणतो दोन मिनिटं ग्राइंडर मार. विकत घ्यायला बघावं तर दगड, कानशी, साचे, छोट्या ऐरणी, नाना वस्तू. यातलं नेमकं काय लागतं?

लोहाराला आणि मित्राला, दोघांनाही आधी थांबवा. तुमचं पातं बिघडलेलं नाही. त्याची कड जाड झाली आहे, एवढंच, आणि ती नेमकी ज्या वेळी जाड व्हायला हवी त्याच वेळी झाली आहे. हिशेब करून बघा. एक गुंठा घास कापायला नवख्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, बांध धरून रोजचा अर्धा तास. आठ-दहा दिवसांत चार-पाच तासांची कापणी झाली. या जातीच्या पात्याला साधारण चार ते सहा तास कापल्यावर एकदा हातोडीनं ठोकून कड पातळ करावी लागते. युरोपात शेकडो वर्षं हे असंच चालतं आणि त्याला दुसरा उपाय नाही. तुम्ही रोज दगड मारला ते बरोबरच केलंत. पण दगड प्रत्येक वेळी पुढची पातळ कड थोडी थोडी झिजवतो आणि मागचं जाड अंग पुढं येतं. एकदा जाड अंगावर पोचलात की दगड कितीही घासा, नखाला धार लागेल पण घास तुटणार नाही.

म्हणून या विळ्याचं काम दोन भागांत आहे हे पक्कं धरून चाला. ठोकून कड पातळ करायची, ते आठवड्या-दोन आठवड्यांनी. दगडानं ती पातळ कड तेज ठेवायची, ते कापताना दर पाच-सात मिनिटांनी. पहिल्याचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. तुमचा खर्चही या दोनच गोष्टींवर व्हायला हवा.

आता भट्टी का नको ते सांगतो, कारण लोहार चुकीचं सांगत नाही, तो त्याच्या हत्यारांबद्दल बोलतोय. खुरपं, कोयता, कुऱ्हाड ही आपली हत्यारं जाड लोखंडाची असतात. कोयत्याला बहुतेक वेळा ट्रकचा जुना पाटा वापरलेला असतो. तो झिजला की तापवायचा, ऐरणीवर ठोकून तोंड पुन्हा ओढायचं, पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं लोखंड पाण्यात बुडवून कडक करायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आणि योग्य काम आहे ते. घिसाडी कुटुंबं उन्हाळ्यात गावाबाहेर भाता लावून बसतात, बाई घण मारते, बाप्या सांडशीत धरून फिरवतो, आणि त्या हातांतून निघालेलं खुरपं कारखान्यातल्या खुरप्याला भारी पडतं. पण उभ्या विळ्याचं पातं म्हणजे जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा. कारखान्यात पूर्ण पात्याला पाणी देऊन, पुन्हा हलकं तापवून त्याचा कडकपणा बेतानं ठेवलेला असतो. नंतर थंड असतानाच ठोकून त्याला ताण दिलेला असतो, त्या ताणामुळे एवढा पातळ पत्रा ताठ राहतो. भट्टीत घातला की कडकपणाही जातो, ताणही जातो, आणि पातं वाकडं होतं ते वेगळंच. ते पुन्हा पूर्ववत करणं गावातल्या कुठल्याही लोहाराच्या हातात नाही. अशीच पाती बनवणारा ऑस्ट्रियातला रोसलाइटनचा श्रोकेनफुक्स कारखाना १५४० सालचा आहे. या पात्याची ताकद त्याच्या थंड ठोकण्यात आहे आणि पुढची देखभालही थंडच करायची असते.

ग्राइंडरचं नुकसान तर डोळ्यांना दिसतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्याखाली पातळ कडेतली उष्णता पळायला जागाच नसते. पोलाद साधारण २२० अंशांच्या पुढं गेलं की पिवळसर दिसतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि ३०० अंशांच्या आसपास निळं. निळा पट्टा दिसला की तिथलं पोलाद मऊ पडलं. तिथं लावलेली धार अर्ध्या वाफ्यात मरते. आणि समजा निळं न होऊ देता सांभाळून मारलात, तरी प्रत्येक वेळी ग्राइंडर पात्याची रुंदी खातो. ठोकताना धातू पुढं सरकतो, वाया जात नाही. म्हणून ठोकून चालवलेलं पातं पुष्कळ वर्षं टिकतं आणि ग्राइंडरचं पातं दोन-तीन हंगामांत अरुंद होतं. मित्रानं कुठं मारून बघितलाच असेल आणि निळा डाग पडला असेल तर घाबरू नका. ती जागा पुढच्या ठोकण्या-घासण्यात हळूहळू झिजून जाईल, तोवर तेवढी दोन बोटं जागा लवकर बोथट होईल.

एक खुलासा, कारण हे वाचून कुणी भलत्याच पात्यावर हातोडी घेऊन बसायचा. बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच पाती साच्यात कापलेली, सगळीकडं सारख्या जाडीची आणि जास्त कडक असतात. ती ठोकली तर कडेला तडे जातात. ओळखायची रीत सोपी आहे. पात्याच्या मागच्या कण्याजवळ जुनी कानस हलकेच चालवून बघा. कानस चावली, लोखंडाचा बारीक भुगा आला, तर पातं ठोकता येईल. कानस घसरली तर ते पातं कानस-दगडानंच, वेळ लागला तरी गारच घासत राहायचं. तुमच्या पात्यावर हातोडीच्या खुणा आहेत म्हणजे ते ठोकायचंच आहे, तरी खात्रीसाठी कानस लावून बघा.

ठोकायला दोन तऱ्हेची अवजारं मिळतात. पहिला साचा. लाकडात ठोकून बसवायचा खुंटा, त्यावर उभी दांडी, आणि दांडीवर सरकून बसणाऱ्या दोन टोप्या. टोप्या ओळखायला त्यांवर खाचा किंवा रंग असतो. पात्याची कड दांडीला टेकवून टोपीखाली धरायची आणि टोपीवर हातोडी मारायची. पहिली टोपी कडेच्या थोडं मागचं अंग दाबते, दुसरी अगदी कड. हातोडी कुठं पडेल याची चिंता नाही, टोपी आपली जागा सोडत नाही. तुम्ही नवीन आहात, साचाच घ्या. यात काटकसर करू नका.

दुसरी तऱ्हा म्हणजे छोटी ऐरण. ऐरणीचं तोंड अरुंद असेल तर हातोडीचं तोंड सपाट हवं, आणि ऐरण सपाट असेल तर हातोडीचं तोंड चोचीसारखं अरुंद हवं. दोन्ही सपाट असली की धातू सरकत नाही, नुसता चेपतो. हात बसला की ऐरणीवरचं काम साच्यापेक्षा बारीक आणि लवकर होतं. मी स्वतः ऐरणच वापरतो. ही ऐरण मागवायची गरज नाही. ट्रकच्या जुन्या ॲक्सलचा वीतभर तुकडा घेऊन लातूरच्या किंवा उदगीरच्या लेथवाल्याकडून त्याचं खालचं टोक निमुळतं आणि वरचं तोंड बोटभर रुंद, किंचित गोलाई असलेलं करून घ्या. तोंडाला लोहाराकडून पाणी देऊन घ्या आणि शेवटी पॉलिश पेपरनं आरशागत चकचकीत करा. तोंडावर एक ओरखडा राहिला तर तो प्रत्येक ठोक्याला पात्यावर छापला जातो. हातोडीचंही तसंच. वजन अर्धा किलोच्या आसपास, तोंड गुळगुळीत, कडा गोल केलेल्या. सुताराची खिळे ठोकून खड्डे पडलेली हातोडी इथं चालणार नाही. ठोकायची हातोडी वेगळी ठेवा आणि घरात सांगून ठेवा की हिनं खिळा ठोकायचा नाही.

ओंडका बाभळीचा घ्या, गुडघ्याएवढा उंच. मधोमध गिरमिटानं भोक पाडून त्यात खुंटा असा बसवा की हलता कामा नये. खुंटा हलला तर निम्मा ठोका त्या हलण्यातच जातो. स्टुलावर बसून मांडीच्या आधारानं पातं धरायचं आणि पात्याचं दुसरं टोक त्याच उंचीच्या दुसऱ्या ओंडक्यावर टेकवायचं. पातं अधांतरी लोंबलं की कडेचा कोन बदलतो. लोखंडावर लोखंड आपटताना कधी कपची उडते, म्हणून डोळ्यांना चष्मा लावाच. वेल्डिंगवाल्याचा पांढरा चष्मा असला तरी पुरे.

ठोकताना मनात एकच चित्र ठेवा, भाकरी थापण्याचं. बाई मधून कडेकडं पीठ सरकवत नेते, एका जागी जोर देत नाही, आणि भाकरी गोल गोल फिरत राहते. पात्याची कडही तशीच बाहेर सरकवायची. मुठीच्या बाजूनं, म्हणजे पातं दांड्याला जोडलेलं असतं तिथून सुरुवात, टोकाकडं शेवट, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर निम्मा चढलेला, सगळे सारख्या जोराचे आणि हलके. कडेला आधी मार्कर पेननं काळी रेघ ओढा. ठोका पडला तिथली शाई चमकते, राहिलेली जागा काळी दिसते. पहिले काही महिने ही रेघ ओढल्याशिवाय बसू नका. जोर जास्त झाला तर कड मागच्या अंगापेक्षा लांब होते आणि झालरीसारखी लाटा मारते. अशी लाट आली की तिथं पुढचे दोन-तीन वेळचे ठोकणे सोडून द्या, फक्त दगड मारा, ती झिजून सरळ होते. लाट सरळ करायला म्हणून पुन्हा ठोकाल तर वाढेल.

झालं की नाही ते अंगठ्याच्या नखावर बघायचं. पात्याची कड नखावर हलकेच दाबून खालून-वर सरकवा. कड पातळ झाली असेल तर नखाच्या दाबानं ती किंचित फुगते आणि तो फुगवटा नखाबरोबर सरकताना दिसतो. फुगवटा सगळ्या लांबीभर दिसला की थांबा. त्यापुढं पातळ केलीत तर मऊ घासाला छान, पण बांधावरच्या कुंदा-हराळीत आणि वाळलेल्या कुसळीत ती कड फाटते. तुम्ही घास आणि बांध दोन्ही एकाच पात्यानं कापता, म्हणून तुमच्यासाठी कड मध्यमच बरी. टोकाकडची चार बोटं थोडी जाड ठेवा. तेच टोक ढेकळात आणि वरंब्यात शिरतं.

कडेला खांडं पडलं तर? दगडाला लागून एक-दोन मिलिमीटरचं खांडं पडतंच, आपल्याकडं बांधावर मुरूम आणि काळे धोंडे आहेत. लहान खांडं पुढच्या दोन ठोकण्यांत भरून येतं. खोल खांड्याच्या तळाला कधी केसासारखी चीर असते, ती आत पळते. तिथं बारीक गोल कानशीनं खांडं उथळ आणि गोलसर करा, चीर पूर्ण निघेपर्यंत. गोल खाच तशीच राहिली तरी चालते, कापण्यात अडत नाही. चीर ठेवून ठोकलंत तर पातं एक दिवस दोन तुकडे होईल, आणि तो तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही.

आता दगड. तुमचा चौकोनी कार्बोरंडम विळीला, कुऱ्हाडीला चांगला. उभ्या विळ्याची कड आत वळलेली आहे, तिच्यावर चौकोनी दगडाचे फक्त कोपरे टेकतात. या कामाला होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता, वीतभर लांब दगड मिळतो, तोच घ्या. एक मध्यम दाण्याचा घ्या, तोच रोजचा. अगदी बारीक दाण्याचा नंतर जमेल तेव्हा. घासासारख्या कोवळ्या दांड्याला त्याचा फायदा दिसतो, पण त्यावाचून अडत नाही. जाड दाण्याचा घेऊच नका. गावात लोक विहिरीच्या काठावर, पायरीच्या दगडावर विळा घासतात. आपल्या बहुतेक मराठवाड्याच्या पोटात काळा कातळ आहे, बेसाल्ट. त्याच्यावर लोखंड चकाकतं, थोडं झिजतं, पण त्यात वालुकाश्मासारखे कडक, बोचरे वाळूकण नाहीत. म्हणून तासभर घासूनही धार बेताचीच येते. दगडाला पैसे घाला.

दगड नेहमी ओला हवा आणि नेहमी कमरेला हवा. घरी ठेवलेला दगड कापणीच्या कामाचा नाही. युरोपात गाईच्या शिंगात पाणी घालून त्यात दगड ठेवतात, आता पत्र्याचे आणि प्लास्टिकचे डबेही मिळतात. पाण्याची जाड बाटली वरून कापून, तिला तारेचा आकडा करून पट्ट्याला अडकवली तरी काम होतं. तळाशी मूठभर घास कोंबा, म्हणजे चालताना दगड खडखडत नाही आणि पाणी सांडत नाही. कोरड्या दगडावर लोखंडाचा भुगा आणि घासाचा चिकट रस बसतो, तो काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग नुसता घसरतो. तसा झाला तर सिमेंटच्या खडबडीत पायरीवर पाणी ओतून दगड चार-पाच वेळा घासा, ताजा दाणा वर येतो. आणि दगड फरशीवर पडू देऊ नका. तुटलेला दगड वापरताना हात त्याच्या जवळ जातो.

दगड मारताना दांड्याचं टोक जमिनीवर टेकवून पातं छातीसमोर आणा. आधी मूठभर घासानं पातं पुसा, पुसताना बोटं कण्याच्या बाजूला, धारेच्या बाजूला नाही. मग मुठीकडून टोकाकडं, एकदा वरून एकदा खालून, दगड जवळपास आडवा झोपवून. पुष्कळ जण दगड उभा धरतात, कारण लगेच बोचरी धार लागते. ती धार दोन मिनिटं टिकते आणि ठोकून मेहनतीनं केलेली पातळ कड त्यात बोथट होते. जोर नको, घाई नको, दहा-बारा हात एका बाजूला पुष्कळ झाले. ठोकल्यानंतर पहिल्यांदा दगड मारताना पलीकडच्या अंगाला बोटाला लागणारी बारीक लव येते. ती लव दुसऱ्या बाजूनं हलका दगड फिरवून काढा. पातं धरणाऱ्या हाताला चामडी हातमोजा घाला. या पात्याची जखम खोल असते, ताजी असताना दुखतही नाही, आणि गोठ्याच्या शेणामातीत धनुर्वाताची भीती असते. सगळ्यांची सुई वेळेवर घेतलेली ठेवा.

धार लवकर जाण्याचं आणखी एक कारण तुमच्या वाफ्यात आहे, अवजारात नाही. घास वाफ्यांत असतो आणि वाफ्यांच्या मधे वरंबे. पातं जमिनीलगत गोलाकार फिरतं, टोक वरंब्यात घुसतं, आणि काळी माती वाळली की तिचं ढेकूळ दगडापेक्षा कमी नसतं. पुढच्या लागणीला वाफे लांब आणि वरंबे बसके करा, आणि वरंब्याच्या कडेची हातभर पट्टी छोट्या विळ्यानं कापा. घास तसाही जमिनीपासून चार बोटं वर ठेवूनच कापायचा असतो, म्हणजे तो लवकर फुटतो आणि पातंही मातीपासून दूर राहतं. पात्याचा कोनही बघा. दांडा भिंतीला लावून पात्याची मुठीकडची टोकदार कड जिथं येते तिथं खूण करा, मग दांड्याचं हाताकडचं टोक जागेवरच ठेवून दांडा फिरवा आणि पात्याचं टोक त्या खुणेजवळ आणा. टोक खुणेच्या दोन-तीन बोटं आत, म्हणजे दांड्याच्या हाताकडच्या टोकाच्या बाजूला यायला हवं. बाहेर जात असेल तर पातं जास्त उघडं आहे, एका वेळी खूप घास ओढतं आणि अडकतं. पातं दांड्याला आवळणाऱ्या कडीचे दोन स्क्रू सैल करून नीट करा आणि घट्ट आवळा. ते स्क्रू रोज सकाळी हातानं बघायचे, कापताना सैल झालेलं पातं सगळ्यांत धोक्याचं.

सकाळी लवकर कापा. दांड्यात पाणी असतं तोवर तो ताठ उभा राहतो आणि पातं त्याला कापतं. दहानंतर उन्हानं मान टाकलेला घास पात्याखाली लवतो, तेव्हा कितीही धार असो. फक्त कापलेला ओला घास तसाच जनावरांपुढं टाकू नका. लसूणघासानं पोटफुगी होते. दोन-तीन तास सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्या.

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या जागी, एका कोपऱ्यात सगळीच हत्यारं असतात आणि एकच माणूस सगळ्यांना एकाच पद्धतीनं घासत सुटतो, म्हणून बाकीच्यांबद्दल थोडं. साधा विळा गहू-सोयाबीनला वापरतो तो, त्याला आतल्या वळणावर अर्धगोल कानस किंवा होडीचा दगड. दातेरी विळा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा किंवा तसलाच दुसरा, त्याच्या दातांच्या बाजूला कानस कधी लावू नका. सपाट पाठ दगडावर झोपवून घासायची, दात आपोआप टोकदार होतात. सोयाबीनच्या सुगीत गुत्त्यावर, म्हणजे ठेक्यानं आलेल्या टोळ्या घाईत दातांवरच कानस मारतात आणि पंधरा दिवसांत साधा विळा करून टाकतात. कोयता मात्र उलट. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या कोयत्याला रोज चपटी कानस लागते, आणि त्याची धार जाड, पोट आलेलीच हवी. उभ्या विळ्यासारखी पातळ केली तर पहिल्या पेरालाच वळेल. नेपियर म्हणजे हत्तीगवत, कडवळ, तुरीच्या तुऱ्हाट्या यांना कोयताच लावा. उभ्या विळ्यानं हत्तीगवताच्या ठोंबावर एक घाव घातलात तर कडेची पंधरा दिवसांची मेहनत गेली. कानस कुठलीही असो, ती पुढं ढकलतानाच कापते, मागं ओढताना उचलून घ्या, आणि मूठ बसवल्याशिवाय वापरू नका. कानशीचं उघडं शेपूट तळहातात घुसलेली माणसं मी पाहिली आहेत.

देखभालीत मोठं काही नाही. काम संपलं की पातं पाण्यानं धुऊन, पुसून, वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, दुसऱ्या दिवशी कापण्याआधी पुसून घ्या. इंजिनचं जळकं तेल नको, ते चाऱ्यात जातं. दांड्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा. ते लाकडात वाळून बसतं, पावसाळ्यात दांडा फुगत नाही आणि उन्हाळ्यात तडकत नाही. खंडेनवमीला हत्यारं पुजायला काढतोच, त्या दिवशी हे काम उरकून टाका. पण जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. कडब्याच्या गंजीशेजारी तर नकोच. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. धारेला म्यान म्हणून ठिबकची १६ मिलिमीटरची जुनी नळी उभी चिरून चढवा, फुकटात काम होतं. मोटारसायकलवरून विळा नेताना पातं काढून, नळी चढवून, गोणपाटात गुंडाळूनच न्या. आखाड्यावर डोक्याच्या वर, लेकरांचा हात पोचणार नाही अशा आढ्याला टांगा.

पैसे बेताचे असतील तर क्रम असा ठेवा. आधी ठोकायचा साचा आणि होडीचा मध्यम दगड, दोन्ही एकदमच, कारण एकावाचून दुसरा निरुपयोगी आहे. अर्धा किलोची गुळगुळीत हातोडी, चष्मा, हातमोजा, मार्कर हे तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळेल. ओंडका आणि पाण्याची बाटली घरचीच. साच्यावर हात बसला की लेथवाल्याकडून ऐरण करून घ्या. आणि पुढच्या वर्षी पैसे हातात आले तर बारीक दगडाआधी दुसरं पातं घ्या, ५० सेंटिमीटरच्या आसपासचं, जरा जाड, बांधासाठीचं. घेताना त्याचं मुठीकडचं वळण तुमच्या दांड्याच्या कडीत बसतंय का ते विचारून घ्या. मग ६५ चं पातं फक्त घासाला राहील आणि त्याची कड हवी तेवढी पातळ करता येईल.